'आधी त्याला एक फोन करा' म्हणणाऱ्या दादांना अनावृत पत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादा.

तुम्ही आलात तेव्हा तुमच्या हातात अर्धा किलो मातीची पिशवी होती आणि तिला वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली होती. दिंडोरी रोडवरच्या आमच्या माती-पाणी-देठ परीक्षणाच्या प्रयोगशाळेत रोज कितीतरी जण नमुना ठेवतात, पावती घेतात आणि निघतात. तुम्ही पावतीसाठी थांबला होतात आणि मी फोनवर कुणाला तरी विनवत होते, की सोडून गेलेल्या मुलाचं खातं आमच्या मशीनवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरून, काढून द्या. समोरच्याने 'बघतो' म्हणून फोन ठेवला. तुम्ही विचारलंत, "मॅडम, लिनक्स आहे का? मी पुण्यात कंपनीत हेच काम करतो. बघू का?"

आमचा कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालतो खरा, पण मी चटकन हो म्हटलं नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमचं तोंड एकदा चांगलंच पोळलंय. गेल्या वर्षी द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या ऐन गर्दीत आमची रिपोर्ट करणारी ताई लग्न होऊन गेली. तिचं खातं काढायला एका तंत्रज्ञाला बोलावलं. तो आला, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, पैसे घेतले, गेला. दहा मिनिटंसुद्धा बसला नाही. संध्याकाळी एक बागायतदार मागच्या हंगामाचा देठाचा रिपोर्ट मागायला आले, तेव्हा कळलं की ताईच्या फोल्डरमधलं सगळं गेलं. दोन वर्षांचं नत्र, पालाश, मॅग्नेशियम, सगळे आकडे. कचरापेटीतही काही नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, काढा म्हणून." पुन्हा त्याने फोन उचललाच नाही.

त्या ओळीत काय होतं ते मला तुमच्याकडून कळलं. 'युजरडेल' (खातं काढायची आज्ञा) आणि खात्याचं नाव एवढंच लिहिलं तर खातं जातं आणि फोल्डर राहतं. पुढे हायफन आणि 'आर' लावला की फोल्डरही जातं. मशीन 'नक्की का?' म्हणून विचारत नाही. एका अक्षरासाठी मी हंगामभर शेतकऱ्यांसमोर मान खाली घालून उभी होते. हे लिहिताना अजूनही हात थरथरतो.

तुम्ही काय काय केलंत त्यातलं सगळं मला सांगता येणार नाही. आधी खात्याला कुलूप लावलंत. नुसता पासवर्ड बंद करून भागत नाही, बाहेरून यायची किल्ली मशीनवर ठेवलेली असेल तर माणूस तिने आत येऊ शकतो, म्हणून खात्याची मुदतच संपवलीत. मग खाती वाचता वाचता विचारलंत, "हा कोण?" तो होता तोच तंत्रज्ञ. स्वतःसाठी खातं काढून, त्याला सगळे अधिकार देऊन ठेवलं होतं. वर्षभर आमच्या घराची चावी त्याच्या खिशात होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आणखी एक गोष्ट तुम्ही सहज बोलून गेलात, पण मी रात्रभर जागी होते. सामायिक फोल्डरमध्ये ताईचे थोडे जुने रिपोर्ट शिल्लक राहिले होते, पण त्यांच्यावर नाव दिसायचं नंतर लागलेल्या मुलीचं. जे रिपोर्ट झाले तेव्हा ती आमच्याकडे नव्हतीच, त्यांच्यावर तिचं नाव कसं? तिने काहीतरी उचापत केली असणार, असं मी मनात धरून बसले होते. तिला तसं बोलले नाही, पण कपाटाची किल्ली तिच्या हातात देणं बंद केलं होतं. तुम्ही दाखवलंत की मशीन माणसाला नावाने नाही, नंबराने ओळखतं. आमच्याकडचे नंबर १००० पासून सुरू होतात. ताईचा होता १००३. तिचं खातं गेलं, नंबर रिकामा झाला, आणि नवीन मुलीला तोच मिळाला. म्हणून ताईच्या फायली आपोआप तिच्या नावावर दिसायला लागल्या. "या पोरीचा काही संबंध नाही मॅडम," असं तुम्ही तिच्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात. तिने मान वर केली नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी किल्ली तिच्या हातात दिली आणि माफी मागितली.

पण हे पत्र मी लिहायला घेतलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

शेवटची ओळ टाइप करून झाली होती. पडद्यावर त्या मुलाचं नाव होतं, फक्त एंटर दाबायचं बाकी. तुमचं बोट तिथेच थांबलं. तुम्ही हात काढून मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "आधी त्याला एक फोन करा. आत त्याचं काही असेल."

मी म्हटलं, तो भांडून गेलाय. पगारावरून, पावसाळ्यात, चार माणसांसमोर. तुम्ही म्हणालात, "असू दे की. मशीन तुमचं आहे, पण आतलं त्याचं असेल तर विचारायला नको?" तुम्ही आवाज चढवला नाहीत आणि मला उपदेशही केला नाहीत. वाट बघत बसलात.

मी फोन लावला. "तुझं खातं काढतोय, त्यात तुझं काही आहे का?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मॅडम, माझ्या नोट्स आहेत अजून?"

राज्यसेवेच्या नोट्स. दीड वर्ष आमच्याकडे काम संपल्यावर रात्री थांबून तो त्या टाइप करत बसायचा, आणि लाइट जळत राहतो म्हणून मी कुरकुर करायचे. ताईचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. आपलंही तसंच झालं असणार, असं समजून त्याने विचारायचंच टाळलं होतं. तुम्ही ते सगळं वेगळं काढून ठेवलंत आणि मगच खातं काढलंत.

आपल्याकडे कुणी काम सोडून गेलं आणि त्याचा डबा किंवा छत्री राहिली, तर आपण ती जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर घरी पाठवतो. कितीही भांडण झालेलं असो. ही रीत आमच्या आईवडिलांनी शिकवली होती, पण ती मशीनलाही लागू होते हे मला सुचलं नव्हतं. ज्यांना पैसे मोजले त्यांना ते सुचलं नाही आणि पिशवी घेऊन आलेल्या माणसाला सुचलं. अशी माणसं या धंद्यात आहेत हे लोकांना कळावं, एवढ्यासाठी हे जाहीरपणे लिहितेय.

रविवारी तो मुलगा पंचवटीतून सायकलवर आला. पेन ड्राइव्ह खिशात टाकण्याआधी त्याने दोनदा फाइल उघडून बघितली. चहा घेतला. पगाराचा राहिलेला हिशेब मी त्याच दिवशी पूर्ण केला.

तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत, वर मातीच्या तपासणीचे मात्र मोजून दिलेत. वडिलांच्या प्लॉटचा रिपोर्ट तयार आहे. सामू, क्षारता, मुक्त चुना, सगळं मी स्वतः दोनदा तपासलंय. पाठवत नाही. वडिलांना घेऊन या, समोर बसून समजावून सांगते. चहा नवीन मुलगी करणार आहे, तिनेच तसं सांगितलंय.

तुमची,
प्रयोगशाळेतली मॅडम
नाशिक