मनीस पत्र, सोबत एक गामोसा

प्रिय मने,

परवा फोनवर तू म्हणालीस की गोधड्या शिवत बसणं म्हणजे नुसता टाइमपास, त्यापेक्षा कॉलेजात कथा लिहायचीस ते तरी बरं होतं, आणि मी काही बोललेच नाही कारण इकडे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि दारात गॅसवाला उभा होता. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आता रात्री अकराला लिहायला बसलेय, लांबलं तर चालवून घे.

आमच्या ऑफिसात माझ्या बाजूच्या डेस्कवर गुवाहाटीची एक मुलगी आहे, तुला सांगितलं होतं बघ, जी डब्यात रोज भात आणते. एप्रिलमध्ये त्यांचा बिहू सण असतो, तेव्हा तिनं मला गामोसा दिला, म्हणजे आपल्या पंचासारखं कापड. पांढरा, दोन्ही टोकांना लाल विणीची फुलं. तिच्या आईनं घरच्या मागावर विणलेला. मी आपलं सहज विचारलं, तुम्ही विणकर का गं? ती हसायलाच लागली. म्हणे आमच्याकडे सगळेच विणतात. मला आधी वाटलं उगाच थापा मारतेय, पण खरंच तसं आहे. आपल्याकडे कसं, मागावर बसायचं ते साळ्यांनी नाहीतर कोष्ट्यांनी, बाकीच्यांनी दुकानात जाऊन नेसायला विकत घ्यायचं. आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात मात्र ब्राह्मणाघरच्या बाईपासून शेतकऱ्याच्या बाईपर्यंत सगळ्या विणायच्या, अंगणात नाहीतर घराखालच्या मोकळ्या जागेत माग असायचाच, त्याला तांतशाल म्हणतात. गांधीजी 1921 ला तिकडे गेले आणि इतके खूश झाले की तिथली प्रत्येक बाई जन्मतः विणकर आहे, कापडात परीकथा विणते असं लिहून टाकलं.

आणि यावरनंच तिनं मला पद्मावतीबद्दल सांगितलं. पद्मावती देवी फुकननी. आधी नावाची गंमत ऐक, फुकन हा आसामच्या जुन्या आहोम राजांच्या काळातला हुद्दा, पुढं आडनाव झालं, आणि बाई असेल तर फुकननी. आपल्याकडं पाटलाची पाटलीण होते तसंच की. मला एकदम ओळखीचं वाटलं.

जन्म 1853, मृत्यू 1927. आसामी भाषेत एका आसामी बाईनं लिहिलेली पहिली कादंबरी तिची, सुधर्मार उपाख्यान, 1884 ची. आणि लिखाणाइतकीच ती हस्तकलेसाठी ओळखली जायची. ही दुसरी ओळ वाचली आणि मला तूच आठवलीस, खोटं नाही सांगत.

पण तिचं कुठंही वाच, सुरुवात बापापासून. आनंदराम ढेकियाल फुकन यांची कन्या. आता बाप खरोखरच मोठा माणूस होता, त्यात वादच नाही. इंग्रजांनी 1836 मध्ये आसामातल्या शाळा आणि कोर्टात बंगाली आणून बसवली, आसामी म्हणजे काय तर बंगालीचीच गावठी बोली, असं धरून. विचार कर, उद्या कुणी सांगितलं मराठी म्हणजे हिंदीचीच एक बोली, पोराबाळांनी शाळेत हिंदीच शिकायची, तर आपण काय केलं असतं! आनंदरामनं भांडण मांडलं. पोरगी जन्मली त्याच वर्षी, 1853 ला, मिल्स नावाच्या साहेबासमोर त्यानं आसामच्या कारभारावर लांबलचक निवेदन ठेवलं, आणि 1855 ला इंग्रजीत एक पुस्तिका काढली की ही आमची वेगळी भाषा आहे बाबांनो. आणि 1859 मध्ये गेला बिचारा. तिशीही नव्हती पुरी झाली. नगावला सरकारी नोकरीत होता (आपल्या धुळ्याजवळचं नगाव नव्हे, आसामातलं).

म्हणजे बाप गेला तेव्हा पद्मावती पाच-सहा वर्षांची. पाच-सहा वर्षांच्या पोरीला बाप किती मिळाला असेल गं? माझ्या मनात तिथंच अडकलंय. कारण घरात राहिली ती आई, महिंद्री. आणि या महिंद्रीला नवऱ्यानं स्वतः लिहाय-वाचायला शिकवलं होतं, त्या काळात, जेव्हा बाईनं पुस्तक हातात धरलं की ती विधवा होते असं लोक मानायचे. आणि झालं काय, ती ऐन तारुण्यात विधवा झालीच, म्हणजे गावानं काय काय बोलून घेतलं असेल ते तू आणि मी न सांगता समजू शकतो. अशा आईच्या पदराखाली वाढलेली पोरगी पुढे पुस्तक लिहिते, आणि आपण म्हणायचं बापाचा वारसा. बरं वारसा तर वारसा, पण आईचं नाव दुसऱ्या ओळीत तरी घ्या.

तीन पिढ्यांचा हिशोब मात्र मला भारी आवडला. आजोबा हलिराम, त्यांनी 1829 मध्ये आसामचा इतिहास लिहिला, तो बंगालीत. बाप आसामीसाठी भांडला, ते इंग्रजीत, कारण साहेबाला कळायला हवं. शेवटी 1873 ला सरकारनं आसामी परत आणली, तेव्हा पद्मावती वीस वर्षांची, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी तिनं आसामीत सरळ गोष्टच लिहिली. बाजू मांडत बसली नाही, ही भाषा आहे का नाही याचा पुरावा देत बसली नाही, लिहूनच मोकळी. ज्या भाषेसाठी बाप भांडला त्या भाषेत निवांत गोष्ट सांगणं, माझ्या मते ही त्याच्या पुस्तिकेच्या पुढची पायरी आहे. तुला पटणार नाही कदाचित.

आता ती कादंबरी म्हणजे काय फार मोठा ठोकळा नाही हं. सुधर्मा हे नायिकेचं नाव, म्हणजे बोध नावातच बसवलेला, बाईनं चांगलं कसं वागावं वगैरे, आज वाचताना आपण दोघी डोळे फिरवू. कुणी तिला कादंबरी म्हणायलाही का-कू करेल. पण तारीख बघ ना. तिच्या आधी आसामीत कादंबरी म्हणून काय होतं तर गर्नी नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याची कामिनीकांत, 1877 ची. आपल्याकडं बाबा पदमनजींची यमुनापर्यटन कशी, धर्मप्रचाराच्या हातानं आलेली, तसाच प्रकार. आणि पद्मनाथ गोहाईं बरुआ, रजनीकांत बरदलै ही मोठी नावं यायची ती 1890 उजाडल्यावर. मधल्या रिकाम्या जागेत ही बाई एकटी उभी. आपले हरिभाऊ आपटे मधली स्थिती घेऊन आले ते 1885 ला, काशीबाई कानिटकरांची रंगराव छापून यायला लागली ती 1886 ला. म्हणजे पुण्यापेक्षा एखाद-दोन वर्षं आधीच, असं मी त्या ऑफिसातल्या मुलीला सांगितलं तर तिची कॉलर अशी ताठ झाली की विचारू नकोस.

अजून एक. पद्मावती तिकडे तिशीच्या आत होती तेव्हा आपली एक बाई आसाम प्रांतात नांदत होती. पंडिता रमाबाई! बिपिन बिहारी मेधावींशी लग्न करून 1880 ला सिल्चरला गेली, मनोरमा तिकडेच झाली, आणि 1882 ला नवरा कॉलऱ्यानं गेला तेव्हा लेकीला घेऊन पुण्याला आली. सिल्चर म्हणजे बराक खोरं, डोंगरापलीकडं, तिथली भाषापण बंगाली, त्यामुळे दोघींची गाठ पडली वगैरे असलं काही मी जुळवत नाहीए. पण पुण्यात येऊन हिनं त्याच वर्षी स्त्रीधर्मनीती काढली आणि दोन वर्षांनी तिनं सुधर्मा. दोघींच्या पुस्तकांच्या नावात धर्म आहे बघ, त्याशिवाय बायकांच्या पुस्तकाला घरात शिरकाव नसावा.

आणि पद्मावतीनं मुलांसाठीही पुस्तक लिहिलंय, हितसाधिका नावाचं. नाव परत उपदेशाचंच.

तर कलाकुसर. ती मुलगी मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होती तिच्या आईचा. फूल उचलायचं म्हणजे उभ्या धाग्यांतून बांबूच्या काड्या घालून एकेक धागा मोजून वर घ्यायचा, मग माको टाकायचा, म्हणजे आपला धोटा. एक धागा चुकला की पुढचं अख्खं फूल वाकडं. रेशमंसुद्धा तीन तऱ्हेची, पाट पांढरं, मुगा मूळचाच सोनेरी आणि म्हणे जितका धुवाल तितका चकाकतो, आणि एरी. हे एरी म्हणजे आपलं एरंड गं! तो किडा एरंडाची पानं खातो म्हणून एरी, थंडीत शालीसारखं उबदार. मी ऐकतच बसले.

आणि मग वाटलं, बाई दुपारी मागावर किंवा सुईदोऱ्यावर बसली आणि संध्याकाळी कागदावर, तर तिला यात मोठं काम कोणतं आणि टाइमपास कोणता हे वाटलं असेल का? हा फरक नंतरच्या लोकांनी केला. पुस्तकावर नाव छापतात, साल छापतात, म्हणून ते कपाटात राहतं आणि मोजलं जातं. कापड अंगावर जातं, विरतं, शेवटी त्याचं फडकं होतं. ऑफिसातल्या मुलीच्या आईनं या गामोसावर कुठं सही केलीय? पण तो बिहूला कुणाच्या गळ्यात घालायचा, कुणाला मान द्यायचा, हे तिकडे त्याच्यावरच ठरतं.

तू गोधडीत आजीच्या नऊवारीचा तो जांभळा तुकडा बरोब्बर मध्ये बसवला होतास, आठवतंय? तेव्हा मी म्हटलं होतं की ही तुझी कथाच आहे, आणि तू म्हणालीस गप ए. परत म्हणतेय. आणि कथा पण लिही, एकीसाठी दुसरी सोडायची असं कुणी सांगितलंय.

पार्सलात गामोसा टाकलाय, माझाच, मी दुसरा मागून घेतला. गामोसा म्हणजे अंग पुसायचं कापड असा शब्दाचा सरळ अर्थ, पण म्हणून तुझ्या सवयीनं ओट्यावर फडकं करू नकोस, तिकडे देवघरात ठेवतात त्याला. मी स्वतः पहिल्या आठवड्यात डब्याभोवती गुंडाळून नेला होता, ती मुलगी काही बोलली नाही पण तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तुझीच,
मी

ता.क. लाल फुलांची बाजू पाण्यात घालायच्या आधी एक कोपरा भिजवून बघ, रंग जातो का ते.