करमल घाटात रेंज नसते

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझ्या घरमालकिणीला फोन करायला नको होता. साडेसहा ते आठ तुझं लास्ट सीन हललं नाही, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि मला नुसता तुझ्या वाटेवरचा करमल घाट दिसत होता. तू चिडलीस ते बरोबरच. घाटाचा विषय आता काढत नाही.

तू मूडलचं, म्हणजे तुमचे कोर्स ऑनलाइन ठेवायच्या त्या प्रणालीचं, विचारलं होतंस. पहिल्या वर्षाची मागे पडणारी मुलं शोधायचीत ना? मग क्लिक मोजायला बसू नकोस. कोणी, कधी, काय उघडलं एवढंच लॉगमध्ये, म्हणजे तिच्या नोंदवहीत, येतं. किती वेळ वाचलं ते येत नाही. दोन क्लिकांमधल्या अंतरात चहाही असतो. शिवाय एकाने पीडीएफ उतरवून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, की बाकीच्यांच्या नावापुढे शून्य, आणि पीडीएफ मात्र प्रत्येकाच्या फोनमध्ये. उलट ‘पाहिलं की पूर्ण’ अशी अट ठेवलीस, तर उघडून लगेच बंद करणाऱ्यालाही बरोबरची खूण मिळते.

त्यापेक्षा पहिल्या 3 आठवड्यांत छोटं काहीतरी मागून घे: 5 प्रश्नांची क्विझ, अर्ध्या पानाची असाइनमेंट. लागोपाठ दोन आल्या नाहीत, तर ते शंभर क्लिकांपेक्षा बोलकं. आणि मुलाची तुलना वर्गाच्या सरासरीशी नको, त्याच्याच आधीच्या आठवड्यांशी कर. रोज येणारा अचानक थांबला, त्याला आधी गाठ.

खोतीगाव, गावडोंगरीसारख्या रेंज नसलेल्या गावांतली मुलं मूडलच्या ॲपवर ऑफलाइन वाचतात. त्यांची नोंद रेंज आल्यावरच सर्व्हरवर पोचते, म्हणून सोमवारी सकाळी काढलेल्या यादीवर विसंबू नकोस. क्विझ ऑफलाइन सोडवायची परवानगी सेटिंगमध्ये मुद्दाम द्यावी लागते, ती दिलीस का बघ. रेंज नाही म्हणजे मूल बुडालं असं नसतं. (हो, कळतंय मला, कोण बोलतंय ते.)

कोण कोर्स सोडेल हे आधी सांगणारं मूडलचं गळतीचं भाकीत एवढ्यात चालू करू नकोस. कोर्सला सुरुवातीची आणि शेवटची तारीख नसेल, संपलेले जुने कोर्स नसतील, तर ते शिकणार कशावर? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मुलाला कोर्समध्ये किती धोका आहे ते लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांनी दाखवायचे, त्याचा मोठा गाजावाजा झाला होता. दिवेवाले जास्त कोर्स घेतलेली मुलं जास्त टिकली म्हणे. पण जी टिकली, त्यांनाच तेवढे कोर्स घेता आले ना!

मागे पडणाऱ्यांची यादी स्टाफच्या ग्रुपवर टाकू नकोस. 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 खालच्याला मूल धरतो, आणि तुझ्या वर्गात सतरा वर्षांचीही असतील. ‘तू धोक्यात आहेस’ असं कुणाला लिहू नकोस. ‘दुसरी असाइनमेंट आली नाही, गुरुवारी 2 वाजता ये, दहा मिनिटं बसू’ एवढं पुरे. तो आला का, काय म्हणाला, हे पुढच्या रकान्यात लिही. तो रकाना रिकामा राहिला तर आधीचे सगळे रकाने फुकट.

लेक्चर झालं. माफ कर. तू हे सगळं माझ्याहून नीट करशील, पपांना मी कालच सांगितलं.

चौथीत तुझ्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष नाही’ असा शेरा आला होता, आठवतं? दोन महिने मी तुला ओरडत होते, आणि तुला फळाच दिसत नव्हता. चष्म्याचं दुकान सोडून तू बाहेर आलीस आणि समोरच्या पाट्या मोठ्याने वाचत सुटलीस. मला मान वर करवेना. त्या शेऱ्याचा राग मला अजून आहे, पण त्याहून जास्त स्वतःचा.

रविवारी परत जाताना बाळ्ळी सोडलीस की एक मेसेज टाक, काणकोणात चावडीला पोचलीस की एक. मधलं मी विचारणार नाही.

तुझी,
आई

ता. क. मागचा टायर बघून घे. हे पपांनी सांगितलंय, मी नाही.