अमेरिकेला निघालेल्या पद्मिनीचं स्टिअरिंग बदलण्याच्या बिलाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी न्यू जर्सीला मुलीकडे पाठवण्यासाठी मी आपल्याकडे बुकिंग केलं, अ‍ॅडव्हान्स भरला. गाडी आपल्या कळंबोलीच्या गोदामात पडून आहे. आता आपण कळवता की अमेरिकेत उजव्या स्टिअरिंगची गाडी उतरवू देत नाहीत, सबब ते डावीकडे घेण्याचे १,८०,००० रुपये भरा, नाहीतर कंटेनरमध्ये जागा नाही.

हा नियम कुठला? अमेरिका परदेशी गाडीचं वय बघते. उत्पादनाच्या तारखेपासून २५ वर्षं झाली की त्यांच्या सुरक्षा मानकांतून गाडी सुटते. धुराच्या नियमातून सूट मिळायला २१ वर्षं पुरतात, मात्र इंजिन मूळचंच हवं. स्टिअरिंगची बाजू यात येतच नाही. तिथल्या टपालखात्याच्या गाड्याच उजव्या स्टिअरिंगच्या असतात, हे तरी आपल्या लोकांना ठाऊक असावं!

फोनवर आपले प्रतिनिधी म्हणाले, "सगळीकडे असंच असतं, काका." मुळीच नाही. फिलिपिन्सने १९९८ साली कायदा करून उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना बंदी घातली, हे खरं. पण लिथुआनिया आणि पोलंड अशा गाड्यांची नोंदणी करताना स्टिअरिंग डावीकडे घ्यायला लावत होते, तेव्हा मार्च २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती अट चुकीची ठरवली. केनियात उलट, उजवंच लागतं आणि गाडी आठ वर्षांच्या आतली लागते. भारतात बाहेरून जुनी गाडी आणायची तरी उजवंच स्टिअरिंग, वय तीन वर्षांच्या आत, आणि तीही मुंबई बंदरातूनच. इथे बसून हाच धंदा करणाऱ्याला मी हे सांगायचं?

शिवाय पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच आहे. बाजू बदलायची म्हणजे डॅशबोर्ड, पेडल, वायपर सगळंच उचकटणं आलं. मूळची फियाट इटलीत डाव्या स्टिअरिंगचीच होती, पण ते भाग आज आपण कुठून आणणार, याबद्दल बिलात अवाक्षर नाही.

तेव्हा हे बिल रद्द केल्याचं लेखी कळवावं. आपल्यामुळे रखडलेल्या काळाचं गोदामभाडं मी देणार नाही. गाडीच्या एकाही बोल्टला पाना लावू नये आणि पुढच्या जहाजाची तारीख द्यावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे रीतसर तक्रार दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक, मुलुंड

सोबत: बुकिंगची पावती, आपलं बिल व आरसी बुकाची छायाप्रत