पालकांचा इंटरव्ह्यू घेणाऱ्या शाळांबद्दल पण लिहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला शाळा निवडीवरचा लेख वाचला आणि आज डबे झाल्या झाल्या लिहायला बसले. लेख चांगल्या हेतूनं लिहिलाय, त्यावर वाद नाही. पण पाच शाळांची यादी करा, प्रत्येक शाळा दोनदा बघा, मैदान बघा, लायब्ररी बघा, हे ज्याला सवड आहे त्याचं झालं. परभणी, हिंगोली, जालन्याहून नोकरीपायी संभाजीनगरला येणाऱ्याला एक तारखेला हजर व्हायचं असतं, आधी खोली, मग डिपॉझिट, गॅस, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारायचं आणि त्यातच लेकरांची शाळा.

ह्यांना वाळूजला कंपनीत जॉब लागला म्हणून आम्ही बजाजनगरला आलो. मुलगी दुसरीला. चालत जाता येईल अशी इंग्लिश मीडियमची एक शाळा बघितली, फॉर्म भरला, मग निरोप आला की आईवडील दोघं मुलीला घेऊन भेटायला या. ह्यांनी फर्स्ट शिफ्टची सुट्टी टाकली. आत गेल्यावर मॅडमनी लेकीकडं बघायच्या आधी मलाच विचारायला सुरुवात केली, शिक्षण किती, कुठल्या कॉलेजला, घरात कुठली भाषा बोलता, घर स्वतःचं का भाड्याचं, होमवर्क कोण घेणार. सगळं इंग्लिशमध्ये. मला कळत होतं सगळं, पण उत्तरं मी मराठीत दिली, कारण त्याच मॅडम बाहेर शिपायाशी चांगलं मराठी बोलताना ऐकलं होतं. मग लेकीला पोएम म्हण म्हणाल्या. तिनं परभणीच्या शाळेतली कविता हातवारे करून म्हणायला घेतली तर दुसऱ्या कडव्यालाच थांबवलं. आणि फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं, एम. एम. बाहेर क्लार्कला विचारलं हे काय, तर तो हळूच म्हणाला, मदर मराठी मीडियम. दोन दिवसांनी फोन आला, सीट फुल झाल्या. त्यानंतर आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाला त्याच वर्गात ॲडमिशन मिळाली.

साहेब, हे बेकायदेशीर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्यातलं कलम १३ काढून बघा. ॲडमिशन देताना मुलाची किंवा आईवडिलांची कसलीच छाननी करता येत नाही, केली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, नंतर दर वेळेला ५० हजारांपर्यंत. डोनेशन घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सुप्रीम कोर्टानं २०१४ साली ह्या कायद्याच्या बाहेर ठेवलंय ते मला माहितीय, ही शाळा त्यातली नव्हती. आणि तुमच्या लेखात काय छापलंय, तर पालकांनी मुलाखतीची तयारी करून जावं, ते पण चौकटीत, ठळक अक्षरात! माझा सगळ्यात जास्त संताप झाला तो ह्या चौकटीनं.

फी परवडत नसेल तर आरटीईचा, म्हणजे ह्याच शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांचा फॉर्म भरा, असंही लेखात सांगून टाकलंय. वंचित आणि दुर्बल घरातल्या मुलांसाठीच्या त्या २५ टक्के जागा शाळेच्या सुरुवातीच्या वर्गाला असतात, म्हणजे पहिली नाहीतर त्याच्या आधीचा वर्ग. दुसरी-तिसरीतलं लेकरू घेऊन गाव बदलणाऱ्याला त्याचा काय उपयोग? शिवाय आर्थिक दुर्बल म्हणून भरायचा तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत पाहिजे, एमआयडीसीतल्या हेल्परचा पगार पण त्याच्या वर जातो. स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो का हे बघायची जबाबदारी ह्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकलेली आहे, त्याच्यावर एक ओळ लिहिली असती तर माझ्यासारख्या शंभर जणींना आधार झाला असता.

लेक आता जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. हेडसरांनी टीसी बघितली, आधार बघितलं आणि त्याच दिवशी वर्गात बसवलं, माझं शिक्षण कुणी विचारलं नाही. ती तिथं रमलीय आणि तिथले सर-मॅडम मनापासून शिकवतात, त्यामुळं आता त्या दुसऱ्या शाळेत मला ॲडमिशन नकोच आहे. पण माझ्या मागून गावाकडची अजून कुणीतरी आई त्याच खुर्चीत जाऊन बसणार, म्हणून मी शिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार दिलीय आणि पोच घेतलीय. तुम्ही एवढंच करा, पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत कलम १३ छापा.

अजून एक. इथं तुमचा पेपर लावला तर त्यात परभणीचं पान येत नाही. पेपरवाल्याला म्हणलं तर तो म्हणतो आवृत्ती वेगळी आहे. आमचे सासू-सासरे, शेत, सगळं तिकडंच आहे, पाऊस किती झाला, दुधना नदीला पाणी आलं का, हे आम्ही फोन करून विचारायलोत. निदान आठवड्यातून एकदा तरी बाकीच्या जिल्ह्यांचं एक पान इथल्या अंकात द्या.

आपली वाचक,
एक आई, बजाजनगर, वाळूज (मूळ परभणी)