चिंगीला शनिवारी घेऊन येतेय

पुणे
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई "जेवलीस का" वर येते आणि बाबा "बरं, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहायलाच बसले. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, आईला ऐकू दे. आणि शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर कुणीही मला फोन लावायचा नाही.

आधीच सांगून टाकते. येत्या शनिवारी सकाळी मी चिंगीला, आमच्या इथल्या त्या कुत्रीला, वाघ्याच्या सोबतीला घेऊन सांगलीला येतेय. गाडी ठरवली आहे, रजा मंजूर झाली आहे, नऊ दिवस राहणार आहे. तुमचा होकार नसताना ठरवलं, याची टोचणी आहे. "आता आमच्याच्यानं दुसरं कुत्रं होत नाही गं," असं आई तू दिवाळीत म्हणालीस, ते मी कानाआड केलं असं समजू नकोस. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, आणि मीही नाहीच म्हणणार होते.

पण संक्रांतीला आले होते तेव्हा रात्री पाणी प्यायला उठले. माई गेली तरी वाघ्या तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी पडला होता. दार बंद, आणि त्यानं नाक दाराखालच्या फटीला लावलेलं. आत वास घेत होता, थांबत होता, परत घेत होता. मी शेजारी बसले तरी हलला नाही. सकाळी बघितलं तर त्या जागी शहाबादी फरशीवर ओला डाग होता आणि दाराचा खालचा रंग एका पट्टीत पार उडालेला. आई, तू रोज तिथून केर काढतेस, तुला तो डाग दिसत असणारच. तू काही बोलली नाहीस, मीही बोलले नाही.

शिवाय तुम्ही दोघं वर्षभर एकत्र कुठे गेलेला नाहीत. मिरजेच्या मावशीच्या शांतीला बाबा एकटे गेले. नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला गेलं तर आई घरी. कुलूप लावलं की वाघ्या रडतो, शेजारच्या काकूंचं दुपारचं झोपणं मोडतं, म्हणून तुम्ही पाळीपाळीनं घर धरून बसता. त्याला मी आणलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, टोपलीत घालून. सहा महिन्यांत नोकरी लागली नि मी पुण्याला निघून आले. बारा वर्षं तुम्ही त्याचं केलंत, आणि तक्रारीचा एक शब्द माझ्यापर्यंत येऊ दिला नाहीत.

मी आमच्या इथल्या डॉक्टरांना विचारून आले. ते स्पष्ट म्हणाले, दुसरं कुत्रं म्हणजे औषध नव्हे. त्याला माणसाची आठवण येत असेल तर ती कुत्र्यानं भागेलच असं नाही. काही म्हातारी कुत्री उलट चिडचिडी होतात. हे ऐकून मी विषय सोडून देणार होते. पण मग मे महिना आठवला.

बाबांच्या मोतीबिंदूला तुम्ही इकडे आलात, घरमालकांच्या हातापाया पडून मी तीन आठवडे वाघ्यालाही ठेवून घेतलं होतं. चौथ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये चिंगी आली. आली तीही सरळ अंगावर नाही, मोठा वळसा घालून, मान खाली. वाघ्या गुरगुरला. ती तिथेच थांबली आणि त्याच्याकडे पाठ करून खाली बसली. पाच मिनिटं तशीच. मग वाघ्याच उठून लंगडत गेला आणि तिच्या कानाचा वास घेतला. डॉक्टर म्हणतात, हीच कुत्र्यांची रीत. नजर टाळायची, बाजूनं यायचं, म्हाताऱ्याचा मान राखायचा. दोन आठवड्यांनी तर त्यानं अर्धा दहीभात ताटलीत ठेवला आणि बाजूला सरकला. ताटलीजवळ बाबांचा हातसुद्धा चालत नाही त्याला! ती खात होती आणि हा बघत बसला होता. परत जाताना कात्रजच्या बोगद्यापर्यंत मागच्या काचेतून बघत बसला होता, हे बाबा तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. मी काही पढवलं नव्हतं.

आता ती वॉचमनच्या खोलीशी झोपायची ती इमारतच पाडायला काढली आहे. वॉचमन काका गावी गेले. म्हणजे मी तिचीही सोय बघतेय, ते लपवत नाही. पण नुसती तिची सोय बघायची असती तर ऑफिसातली मैत्रीण तिला घ्यायला तयार आहे, तिचं घर बैठं आहे, अंगण आहे. अजूनही तयार आहे. पाडव्यापर्यंत तुम्हाला किंवा वाघ्याला जड गेलं तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन, एका शब्दानं विचारणार नाही.

बाबा, तुमच्या मनात ते लॅब्राडोरचं पिल्लू आहे, ठाऊक आहे. फोटो बघून मलाही उचलून घ्यावंसं वाटलं. पण पिल्लू सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत दिसेल ते चावतं, रात्री दोनदा बाहेर न्यावं लागतं, आणि खेळायला कुणी नसलं की थेट म्हाताऱ्याच्या कमरेवर उडी मारतं. वाघ्याची मागची कंबर आता धरते, त्याला ते सोसणार नाही. आणि मोठं झालं की तीस किलोचा जीव. गेल्या वर्षी आईचं मनगट कशानं मोडलं ते मला आठवतंय. चिंगी चौदा किलोची आहे, चार वर्षांची, तिचं वाढणं संपलंय. ऑपरेशन झालंय, कानाला कट आहे तो त्याचीच खूण, त्यामुळे पिल्लांची भानगड नाही. रेबीजचं आणि ते सात रोगांवरचं इंजेक्शन मागच्या महिन्यात दिलं. गाडीत ओकते की काय बघायला दोनदा सिंहगड रोडनं फिरवून आणली, झोपून राहिली. त्यातून हा नर, ती मादी, दोघांची ऑपरेशनं झालेली. अशी जोडी सहसा कमी भांडते.

खर्चाचं मनात आणू नका, तो माझा. खाणं महिन्याचं घरपोच येईल. डॉक्टर घरी येतील, सांगलीच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. संध्याकाळी फिरवायला शेजारचा कॉलेजातला मुलगा येईल, त्याचे पैसे मी परस्पर देईन. आईनं पट्टा हातात धरायचाच नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

आता शनिवारचं नीट ऐका. चिंगीला थेट घरात आणायचं नाही. घर वाघ्याचं आहे, त्याला ते चढाई वाटेल. बाबा, तुम्ही सात वाजता वाघ्याला घेऊन हरिपूर रोडला या, नेहमीच्या चिंचेखाली. मी दहा-पंधरा फूट लांबून चालेन, दोघं एकाच दिशेला. समोरासमोर आणायचं नाही. पट्टे सैल ठेवायचे, आपण ताणले की त्यांना वाटतं काहीतरी संकट आहे. मग चौघं मिळून घरी, आणि दारातून आधी वाघ्या. आई, तू ओवाळायला पुढे येऊ नकोस, आत बस. ती तुझ्याजवळ येईल. वाकून डोक्यावरनं हात फिरवू नकोस, आधी हात हुंगू दे.

दोघांची ताटं वेगळी, जागा वेगळ्या, एक मागच्या अंगणात आणि एक स्वयंपाकघराच्या दाराशी. पाण्याची भांडी दोनाला तीन ठेवा. वाघ्याला आधी वाढायचं, आधी कुरवाळायचं. गुरगुरला तर त्याला ओरडू नका, तो तोंडानं सांगतोय तेच बरं. आणि खरंच जुंपली, तर हात मध्ये घालायचा नाही, बाबा, तुम्ही तर नाहीच. बादलीभर पाणी ओतायचं नाहीतर जाड सतरंजी मध्ये टाकायची. कुणाला ओरखडा आला तर पंधरा मिनिटं साबणानं नळाखाली धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. हळद भरून घरी बसायचं नाही.

तीन दिवस ती बुजलेली असेल, कदाचित जेवणार नाही. तीन आठवड्यांत घरचा क्रम कळेल. पुरती रुळायला तीन महिने धरून चाला. पहिल्या आठवड्यातच "लळा लागत नाही" असं म्हणायचं नाही.

तासगावच्या बेदाण्यांची बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात जायला हवी. बाबा सकाळी मूठभर खातात आणि दोन-चार खाली पडतात. द्राक्षं-बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला बाधतात, कधी थोड्यानंसुद्धा. वाघ्या आजवर वाचला, पण चिंगी रस्त्यावर वाढलेली आहे, ती पडलेलं काही सोडत नाही. भडंग नाही, त्यात लसूण असतो. कांद्याची भाजी नाही. चॉकलेट अजिबात नाही. वाडीचा पेढा... बाबा, अर्धासुद्धा नाही. मला माहिती आहे तुम्ही देता. साधा ताकभात, उकडलेलं अंडं, भाकरी चालते. आणि आई, अंग गरम लागलं की तू घाबरतेस, पण त्यांचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ पर्यंत. जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, लघवी लाल झाली तर मात्र त्याच दिवशी फोन करायचा, तो गोचिडाचा ताप असू शकतो. पावसाळ्यात दोघांचे कान आणि बोटांच्या बेचक्या रोज बघायच्या.

लिहिता लिहिता मी तुम्हाला किती दटावतेय! लहानपणी बाबा आमराईत सायकल शिकवताना मागून धरून पळायचे आणि मी ओरडायचे, सोडू नका, सोडू नका. तुम्ही केव्हाच सोडलेलं असायचं. मी वळून बघितलं की तुम्ही लांब उभे, आणि आई बाकावर डबा उघडून बसलेली. ते दोघं अजून तसेच डोळ्यांपुढे आहेत. तुमचे गुडघे आणि आईचं मनगट माझ्या हिशेबात बसतच नाही.

एकुलती असण्यावरून मी तुम्हाला फार छळलं. मला कुणीतरी आणा, म्हणून सहा वर्षांची असताना दिवसभर रडले होते, आणि आई आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली होती. ते दुखणं मला किती उशिरा कळलं. आई, त्या दिवसाबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही. आज मागते. मला एकटं कधी वाटू दिलं नाहीत तुम्ही, माई होतीच ना.

आता जे लिहायचं राहिलंय ते. वाईट वाटून घेऊ नका, मनातलं तुमच्याशी नाही बोलायचं तर कुणाशी.

२०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. गावभागात बोट आली आणि बाबा, वाघ्याला घेणार असाल तरच बसतो, म्हणून पायरीवर उभे राहिलात. मला हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, तोपर्यंत तुमचे फोन बंद. मी इथे कोरड्या घरात बसले होते. मला तुमचा राग आला नव्हता, बाबा. तुम्ही त्याला सोडून येणार नाही हे मला माहीतच होतं.

असा तुमचा वाघ्या. बारा वर्षांचा झाला. अजून दोन-तीन वर्षं सुखानं काढेल, डॉक्टरांनी त्याचे रिपोर्ट बघितलेत, काळजीचं काही नाही. पण कधीतरी अंगणात त्याचं ताट पालथं पडलेलं असेल, आणि त्या सकाळी साडेपाचला बाबांच्या पांघरुणाला नाक लावून कुणी उठवणार नाही. माई गेल्यावर घर कसं झालं ते मी बघितलंय. त्यावर परत हे, आणि मी सव्वादोनशे किलोमीटर लांब. मला त्या दिवशी घरात कुणीतरी हवंय, ज्याला फिरायला न्यावंच लागेल, ज्याला भूक लागेल. आणि ते वाघ्यानं आपलं म्हटलेलं असायला हवं, त्याच्या जागी आणलेलं नको.

बाबांना साखरेसाठी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. वाघ्याबरोबर ते आता कोपऱ्यावर संपतं. आधी त्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत जा, त्याला घरी सोडा, मग चिंगीला घेऊन गणपतीच्या देवळावरून घाटापर्यंत. ती तुमच्या चालीनं चालते, ओढत नाही, मी मुद्दाम हळू चालून बघितलंय.

आणि आई, तुला आठवतं, वाघ्या आला तेव्हा तू घरात घेत नव्हतीस, तेव्हा माई देव्हाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "दत्तगुरूंच्या पायाशी चार आहेत, तुला एक जड होतंय?" तिला हे दुसरंही जड झालं नसतं. तिच्या पानातली शेवटची भाकरी तिनं दोन तुकडे करून दिली असती.

येताना तुला कयानीची बिस्किटं आणते. भाकरी करत बसू नकोस, आपण बाहेरून इडली आणू.

एकच काम शुक्रवारी करून ठेव. माईच्या खोलीची खिडकी उघड, कॉटवरची चादर काढून खाली अंथर आणि दार उघडं ठेव. दोघांना तिथेच झोपवू.

तुमची,
बबी