बांबूचा पंजा आणि आपले दुकान

टोकियो, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझी प्रकृती उत्तम आहे, थंडी सोसवते आणि आईने दिलेली कुळथाची पिठी अजून अर्धी शिल्लक आहे, तेव्हा त्या बाबतीत काळजी नसावी. गेल्या रविवारी बाबा म्हणाले की तिथे बसून दुकानाचे सल्ले देणे सोपे असते. ते खरे असल्यामुळे मी गप्प बसले. पण आर्थिक वर्ष संपायला अडीच महिने उरले आहेत, काही गोष्टी त्याआधीच ठरवाव्या लागतात, आणि फोनवर आपण दोघेही आवाज चढवतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे गिऱ्हाईक कमी आहे असे मला कधीच वाटले नाही. अडचण अशी की काजू, आमसुले, आंबापोळी, फणसपोळी आणि मसाला हे सगळे फाल्गुन ते ज्येष्ठ एवढ्याच काळात तयार होते, ते एकदम भरून ठेवावे लागते, आणि मेच्या अखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या की पर्यटक थेट सप्टेंबरात दिसतो. ते तीन महिने आपला पैसा फडताळात पडून असतो आणि मालवणच्या पावसात त्याला बुरशी लागते. गेल्या आषाढात आंबापोळीचे दोन डबे टाकून द्यावे लागले, हे मला दादाने सांगितले. त्याच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारले होते. माझे म्हणणे एवढेच की ३१ मार्चच्या रात्री दुकानातला प्रत्येक डबा मोजून वहीत लिहावा, आणि जुने किती उरले ते कळल्याशिवाय नव्या काजूसाठी पतपेढीची पायरी चढू नये. आंगणेवाडीच्या जत्रेची गोष्ट वेगळी. तिची तारीखच देवीच्या कौलावर ठरते आणि खाजे किती न्यायचे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळते, तेव्हा तिथे मी बोलत नाही.

गोव्या-बेळगावला माल विकायच्या दादाच्या बेताबद्दल मात्र बोलते. उलाढाल ४० लाखांच्या जवळपासही नाही, मग जीएसटीची भानगड कशाला, हे त्याचे म्हणणे दुकानातल्या विक्रीपुरते आणि मुंबई-पुण्याच्या पार्सलांपुरते बरोबर आहे. परंतु करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी करावीच लागते. बेळगावला परराज्य म्हटलेले बाबांना आवडणार नाही, पण करखात्याला ते पटवता येणार नाही. बाजारात कोणी उलाढालीवर सरसकट एक टक्का कर भरायची कंपोझिशन योजना सुचवील, तर त्या योजनेत राज्याबाहेर विक्रीच करता येत नाही, हे लक्षात असू द्या. म्हणून तिकडचे गिऱ्हाईक खरोखर किती आहे ते दादाने आधी लिहून काढावे. चार ओळखीच्या घरांसाठी वर्षभर विवरणपत्रे भरत बसण्यात अर्थ नाही. लोणच्यावरचा कर २२ सप्टेंबरपासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा घाऊकवाल्याने भाव खरेच उतरवला का, तेही बिले काढून पाहावे.

आता तुम्हाला न पटणारी एक गोष्ट सांगते. माझ्या गल्लीत चहापत्ती विकणारे एक आजोबा आहेत. इथल्या जुन्या पंचांगात दिवसांनाही बारा प्राण्यांची नावे आहेत, आणि नोव्हेंबरातल्या कोंबड्याच्या दिवशी असाकुसाच्या देवळाजवळ व्यापाऱ्यांचा बाजार भरतो. असे दिवस कधी दोन येतात, कधी तीन. तिसरा आला की त्या वर्षी आगी फार लागतात म्हणे. गेल्या वर्षी ते १२ आणि २४ तारखेला होते. या बाजारात कुमादे, म्हणजे अस्वलाचा पंजा, मिळतो. दिसायला तो आपल्या पातेरा ओढायच्या दाताळ्यासारखा, पण वर सोनेरी नाणी, मासे आणि मुखवटे खच्चून लावलेले. येत्या वर्षाची लक्ष्मी त्याने ओढून घ्यायची, आणि दर वर्षी पंजा आधीपेक्षा थोडा मोठा घ्यायचा. आजोबांनी आठ हजार येनांचा पंजा बराच वेळ घासाघीस करून सहा हजारांवर आणला, आणि मग पुरते आठ हजार मोजून वरचे दोन हजार विकणाऱ्याला बक्षीस दिले! मला वाटले हिशेब चुकला, म्हणून मी त्यांना तीनदा विचारले. भाव पाडायचा, पण पाडलेला भाव खिशात घालायचा नाही, अशी तिथली रीत आहे. मग दुकानातल्या सगळ्यांनी त्यांच्या धंद्यासाठी मोठ्याने शुभ चिंतून ठेक्यात टाळ्या वाजवल्या. अगदी आपले देवापुढचे गाऱ्हाणेच, फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे राहिले. बाबा भाव एक रुपयाही उतरवत नाहीत आणि पुडी बांधताना वर मूठभर काजू टाकतात, ते मला तिथे उभी असताना आठवले.

आता पैशाचे. एप्रिलपासून तीन महिने मी तीसऐवजी वीस हजार पाठवीन, कारण इथे दर दोन वर्षांनी भाडेकरार नवा करताना घरमालकाला एका महिन्याचे भाडे वेगळे द्यावे लागते. मी पोटाला चिमटा घेत नाही, आईने तसे मनात आणू नये. काजूसाठी रक्कम कमी पडली तर माझ्या ठेवीतले एक लाख आहेत, पण मोजणी झाल्यावर. कुडाळच्या स्थळाबद्दल मावशीला उत्तर दिले नाही ही माझी चूक आहे. मुलगा चांगलाच असेल. परंतु कंपनीने माझा करार तीन वर्षांनी वाढवला आहे आणि मी डिसेंबरातच सही केली. दोनदा चतुर्थीला येते म्हणून आले नाही, त्यामुळे हे फोनवर सांगायचे धाडस झाले नाही. दुकानाच्या गादीवर मी बसावे असे बाबांच्या मनात होते, ते मी विसरलेले नाही.

माझी एक सहकारी पुढच्या महिन्यात गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरणार आहे. तिच्याबरोबर हातभर लांबीचा पंजा पाठवते. आईने तो देव्हाऱ्यात ठेवू नये, गल्ल्याच्या वर टांगावा. वर्ष सरले की जुना पंजा देवळात परत द्यायचा असतो, तेव्हा तो न्यायला मला यावेच लागेल. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. रजेचा अर्ज दिला आहे, अजून मंजूर व्हायचा आहे.

तुमची,
बाय

ता. क. वजनकाट्याचा शिक्का गेल्या वर्षी उशिरा झाला होता. यंदा जत्रेच्या गर्दीआधी दादाने तो करून घ्यावा.