आईस पत्र : गोवराविषयी

कॅलगरी,
जानेवारी २०२६

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

"एवढा पुढारलेला देश, मग तिथे गोवर कसा?" असे तू परवा फोनवर विचारलेस, त्याचे उत्तर घाईत देता आले नाही. कॅनडा १९९८ पासून गोवरमुक्त होता. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली साथ वर्ष उलटले तरी आटोक्यात आली नाही, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो दर्जा गेला. पाच हजारांहून अधिक लोकांना गोवर झाला आणि त्यांपैकी बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती.

आमच्या दवाखान्याच्या दारावर सूचना लावली आहे : ताप आणि पुरळ असल्यास आत येऊ नका, गाडीतूनच फोन करा. कारण गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही खोलीतल्या हवेतून दोन तासांपर्यंत लागण होऊ शकते, आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून, म्हणजे घरच्यांना ती साधी सर्दी वाटत असते तेव्हाच, तो इतरांना आजार देऊ लागतो. म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात, आणि तेही प्रत्येक वस्तीत. नुसती सरासरी भरून चालत नाही. २०२२ च्या अखेरीस मालेगावात आणि मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली तेव्हा आपण हे पाहिलेच.

तुझ्या अंगणवाडीत नर्सबाई लस कालवली की कुपीवर पेनाने वेळ लिहीत आणि चार तासांनी उरलेली लस टाकून देत. मला तेव्हा ती नासाडी वाटे. त्या काटेकोरपणाचे मोल मला इथे येऊन कळले.

गोवर येऊन गेलेला बरा, असे आजी म्हणायची. प्रत्यक्षात तो शरीराने आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, आणि मूल पुढे कित्येक महिने न्यूमोनियासारख्या आजारांना बळी पडू शकते.

चिंटूचा दुसरा डोस सर्दीमुळे पुढे ढकलल्याचे दादाने सांगितले. साध्या सर्दीत लस देता येते, आणि त्याला सोळा महिने पूर्ण झालेच आहेत. वहिनी महिनाअखेरीस मालेगावला माहेरी जाणार आहेत. तिथे त्यांच्या बहिणीचे बाळ पाच महिन्यांचे आहे. नऊ महिने भरेपर्यंत त्याला लस मिळायची नाही, तोवर भोवतालच्या मुलांनी घेतलेली लस हाच त्याचा आधार. तेव्हा जाण्यापूर्वी चिंटूला पंचवटीतल्या केंद्रावर नेऊन डोस द्यावा, आणि कार्डाच्या त्या पानाचा फोटो मला पाठवावा.

बाबांस साष्टांग नमस्कार.

तुझा,
धाकटा